खोडगांठीच्या जंतूंची गणपूर्ति

सभासदांची ठराविक संख्या हजर झाल्यावांचून सभेचें कामकाज सुरू करावयाचें नाहीं, हा नियम सहकारी सोसायट्यांच्या सभासदांस नव्यानें सांगावयास नको. सतरंजी अंथरावी, चिटणिसानें प्रोसीडिंग बुक उघडून ठेवावें, आणि अर्ध्या तासानें कोरम नाहीं म्हणून सभा तहकूब करावी, हा प्रकार बहुतेकांनीं पाहिलेला आहे. परंतु डोळ्यांस न दिसणारा, एका पेशीचा, मेंदू नसलेला जंतुदेखील आपलीं कांहीं कामें गणपूर्ति झाल्यावांचून आरंभीत नाहीं, हें ऐकून वाचकांस आश्चर्य वाटेल. हजेरी मोजण्याचें एक साधन त्याजपाशीं असतें, आणि तें साधन म्हणजे एक प्रथिन होय. इ. स. २००२ सालीं अशा एका प्रथिनाचा स्फटिक करून, त्यावर क्ष-किरण सोडून, त्याची घडण अणूगणिक उकलण्यांत आली. ज्या जंतूचें हें प्रथिन, तो फळझाडांच्या मुळांवर व बुंध्यांवर गांठी आणणारा आहे. म्हणून त्याची हकीकत या मासिकाच्या वाचकांपुढें ठेवणें अप्रस्तुत होणार नाहीं.

प्रथम रोगाविषयीं. इंग्रजींत त्यास ‘क्राउन गॉल’ म्हणतात. आपण खोडगांठ म्हणूं. खोड जमिनींत शिरतें त्या जागीं, कलमाच्या सांध्यावर किंवा मुळांवर गांठ येते. ती आरंभीं मऊ व फिक्कट असते. पुढें लांकडासारखी टणक, खडबडीत आणि काळसर होते. पीच, बदाम, चेरी, अलुबुखार, सफरचंद, गुलाब, द्राक्षवेल इत्यादि अनेक झाडांस हा रोग होतो. आपल्या देशांत हिमाचल प्रदेश व उत्तराखंड येथील फळझाडांच्या रोपवाटिकांस त्याचा उपद्रव विशेष आहे. मोठें झाड गांठ घेऊनही वर्षानुवर्षें तग धरतें, पण कोवळें रोप खुरटतें. जंतु जखमेवांचून आंत शिरत नाहीं; मात्र छाटणी, कलम, खुरप्याचा निसटता घाव, किडीनें पाडलेलें छिद्र, कडाक्याच्या थंडीनें उललेली साल, यांपैकीं कोणतीही वाट त्यास पुरते. इटालींत काव्हारा नांवाच्या शास्त्रज्ञानें १८९७ सालीं द्राक्षवेलीच्या गांठींतून हा जंतु वेगळा काढला. १९०७ सालीं अमेरिकन शेतकी खात्यांतील स्मिथ व टाउनसेंड यांनीं डेझीच्या फुलझाडावरील गांठींतून तो काढून, निरोगी झाडांस टोंचून गांठी आणून दाखविल्या, तेव्हां रोगाचें कारण निर्विवाद ठरलें. त्यास आज अ‍ॅग्रोबॅक्टेरियम ट्युमेफेशियन्स म्हणतात.

येथें एक सूचना करून ठेवणें अवश्य आहे. मुळांवर गांठ दिसली कीं ती याच रोगाची, असें समजूं नये. डाळिंब, टोमॅटो, वांगें यांच्या बारीक मुळांवर मण्यांची माळ ओंवल्यासारख्या गांठी दिसतात त्या बहुधा सूत्रकृमींच्या असतात. त्यांत मूळच सुजलेलें असतें. हरभरा व भुईमूग यांच्या मुळांवरच्या गांठी तर उपकारक होत. त्या नखानें सहज सुटतात, आणि चांगलें काम चालू असेल तर आंतून तांबूस दिसतात. त्या करणारा रायझोबियम हा जंतु आपल्या खोडगांठीच्या जंतूचा जवळचा भाऊबंद आहे. एकाच कुळांत एक पोसणारा व एक लुबाडणारा निघावा, याचें ज्यांनीं भाऊबंदकीचे दावे पाहिले आहेत त्यांस नवल वाटणार नाहीं.

आतां हा जंतु लुबाडतो कसा? महसुली भाषेंत सांगावयाचें तर तो दप्तरांत खोटा फेरफार घालतो. त्याच्या पेशींत मुख्य जनुकसंचाखेरीज डी.एन.ए.चें एक मोठें कडें असतें. अशा कड्यास प्लास्मिड म्हणतात. गांठ उत्पन्न करण्याची शक्ति या कड्यांत आहे, हें १९७४ सालीं बेल्जममधील गेंट येथें शेल व व्हान मोंटागू यांच्या मंडळीनें दाखविलें. त्या कड्याचा एक तुकडा कापून जंतु तो वनस्पतीच्या पेशींत पाठवितो, आणि तो तुकडा वनस्पतीच्या स्वतःच्या डी.एन.ए.मध्यें जाऊन बसतो; हें १९७७ सालीं अमेरिकेंत मेरी-डेल चिल्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सिद्ध केलें. एकदां नोंद झाली कीं पुढें तलाठी बदलला तरी ती उताऱ्यावर येतच राहते. त्याचप्रमाणें जंतु मारून टाकला तरी गांठ वाढतच राहते, कारण आज्ञा आतां वनस्पतीच्याच दप्तरांत लिहिलेली असते. या रोगावर औषध कां चालत नाहीं, याचें उत्तर एवढेंच आहे. मागाहून फवारलेलें कोणतेंही जंतुनाशक वनस्पतीच्या पेशींतील ती नोंद खोडूं शकत नाहीं. त्यामुळें असलेली गांठ बरी करण्याची हमी देणाऱ्या बाटलीवर पैसा खर्च करण्यापूर्वीं शेतकऱ्यानें दहा वेळां विचार करावा.

ही खोटी नोंद दोन हुकूम देते. एक, पेशींनीं बेसुमार वाढावें. दुसरा, त्यांनीं ‘ओपाइन’ जातीचीं विशिष्ट द्रव्यें तयार करावीं. हीं द्रव्यें वनस्पतीच्या कांहींच उपयोगाचीं नाहींत. पण आपल्या जंतूस तीं पचवितां येतात, आणि मातींतील बहुतेक इतर जंतूंस येत नाहींत. म्हणजे झाडाच्या खर्चानें जंतूनें स्वतःपुरता शिधा चालू करून घेतला. यांपैकीं ऑक्टोपाइन नांवाचें द्रव्य पूर्वीं ऑक्टोपस या समुद्रप्राण्याच्या मांसांत सांपडलें होतें, म्हणून त्याचें नांव तसें पडलें. समुद्रांतल्या प्राण्याचें नांव झाडाच्या गांठींतल्या पदार्थास मिळावें, हा शास्त्रांतील नामकरणाचा मासला लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

विषयांतर होतें, पण एक गोष्ट सांगावीशी वाटते. हीच खोटी नोंद घालण्याची हातोटी शास्त्रज्ञांनीं पुढें आपल्या कामाला लावली. गांठ आणणारा मजकूर काढून त्या जागीं हवें तें जनुक घातलें, कीं जंतु तें वनस्पतींत नेऊन बसवितो. २००२ सालच्या मार्चमध्यें भारत सरकारनें ज्या बी.टी. कपाशीच्या लागवडीस परवानगी दिली, तिच्यांतील जनुक मूळ अमेरिकन कपाशींत याच जंतूच्या हस्तें शिरविलेलें होतें. विदर्भांतील व मराठवाड्यांतील ज्या कास्तकारांनीं तें बियाणें पेरलें, त्यांपैकीं बहुतेकांनीं या जंतूचें नांवही ऐकलें नसेल.

असो. गणपूर्तीचा प्रश्न पुढें आहे. ऑस्ट्रेलियांतील अ‍ॅलन कर यांनीं १९६९ सालीं एक चमत्कारिक गोष्ट प्रसिद्ध केली. एका रोपावर रोगकारक जंतु व निरुपद्रवी जंतु असे दोन्ही घातले, आणि कांहीं आठवड्यांनीं गांठींतून ते पुन्हा वेगळे काढले, तर पूर्वींचे निरुपद्रवी जंतु आतां रोगकारक झालेले आढळले. याचा अर्थ, प्लास्मिडाचें कडें एका जंतूकडून दुसऱ्याकडे गेलें होतें. रोगाची विद्या अशी हस्तांतरित होते, ही शेतकऱ्याच्या दृष्टीनें मोठी धोक्याची गोष्ट. पण हें हस्तांतर सदासर्वकाळ चालत नाहीं. त्यास दोन अटी आहेत: गांठींत ओपाइनचा शिधा मिळत असला पाहिजे, आणि आसपास स्वजातीय जंतूंची पुरेशी दाटी असली पाहिजे. पहिली अट समजण्यासारखी आहे. दुसरी अट जंतूस कळते कशी?

या प्रश्नाचें उत्तर प्रथम समुद्रांतून आलें. प्रकाश देणारे कांहीं समुद्रजंतु विरळ असतां अंधारे राहतात व दाट झाले म्हणजे उजळतात, हें नील्सन व हेस्टिंग्ज यांनीं १९७० सालीं दाखविलें. प्रत्येक जंतु एक लहानसें द्रव्य बाहेर सोडीत असतो. दाटी वाढली कीं तें द्रव्य सांचतें, आणि ठराविक प्रमाण झालें कीं सर्वांचे दिवे लागतात. तशाच द्रव्यानें खोडगांठीचा जंतु आपलें हस्तांतर चालवितो, हें १९९३ सालीं दोन निरनिराळ्या मंडळींनीं सिद्ध केलें. त्यांपैकीं एकींत ते अ‍ॅलन कर होतेच. पुढील वर्षीं फुका, विनान्स व ग्रीनबर्ग या तिघांनीं या सर्व प्रकारास कायदेकानूंतला ‘कोरम’ हा शब्द लावला, आणि तो रूढ झाला.

खोडगांठीच्या जंतूंत ही व्यवस्था येणेंप्रमाणें चालते. ‘ट्राआय’ नांवाचें एक प्रथिन संकेतद्रव्य तयार करतें. हें द्रव्य कार्बनचे १२, हायड्रोजनचे १९, नायट्रोजनचा १ व ऑक्सिजनचे ४ अणु मिळून झालेलें, फार लहान असें आहे. त्यामुळें तें पेशीच्या आवरणांतून ये-जा करूं शकतें. ‘ट्राआर’ नांवाचें दुसरें प्रथिन तें ओळखतें. ट्राआर तयार होण्यास ओपाइन लागतें. म्हणजे शिधा नसेल तर हजेरी घेणाराच नेमला जात नाहीं. ट्राआरला संकेतद्रव्य मिळालें कीं तें डी.एन.ए.वर नेमक्या जागीं जाऊन बसतें, आणि हस्तांतराचीं जनुकें चालू करतें. शिवाय तें ट्राआयचें जनुकही चालू करतें, म्हणजे संकेत आणखी वाढतो, आणि प्लास्मिडाच्या प्रतीही वाढवितें. वेळेपूर्वीं हें सुरू होऊं नये म्हणून ‘ट्राएम’ नांवाचें तिसरें प्रथिन ट्राआरला धरून ठेवीत असतें. थोड्याबहुत संकेतानें भुलून काम सुरू झाल्यास जंतूची शक्ति फुकट जाते.

हें सर्व ट्राआरची घडण पाहण्यापूर्वींच बव्हंशीं कळलें होतें. मग स्फटिक करण्याचा एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न व्यवहारी वाचक विचारील. त्याचें उत्तर असें कीं, कुलूप किल्लीनें उघडतें हें माहीत असणें वेगळें, आणि कुलूप फोडून आंतील रचना पाहणें वेगळें. दुसरी किल्ली करावयाची असेल, किंवा किल्लीचें भोंक बुजवावयाचें असेल, तर आंत पाहिल्यावांचून गत्यंतर नाहीं.

पण पाहावयाचें तरी कसें? साध्या प्रकाशाची लहर अणूंच्या मानानें फार लांब. ती अणूंतील अंतर दाखवूं शकत नाहीं. क्ष-किरणांची लहर पुरेशी आंखूड असते. स्फटिकांत अणु पेरणीच्या सरळ ओळींप्रमाणें शिस्तीनें मांडलेले असतात, म्हणून त्यावर पडलेले क्ष-किरण ठराविक दिशांनीं फांकतात आणि पडद्यावर ठिपके उमटतात. लाउए यांनीं १९१२ सालीं हें करून दाखविलें. ब्रॅग पितापुत्रांनीं त्या ठिपक्यांवरून अणूंच्या जागा काढण्याची रीत बसविली व १९१५ सालचें नोबेल पारितोषिक मिळविलें. मिठासारख्या पदार्थाचें काम सोपें होतें. हजारों अणूंच्या प्रथिनांचें काम केंड्र्यू व पेरुट्झ यांच्या हातून व्हावयास १९६० साल उजाडावें लागलें. आपल्या जी. एन. रामचंद्रन यांनीं १९६३ सालीं मद्रासहून प्रसिद्ध केलेला आलेख आजही जगांतील प्रत्येक प्रथिनाची घडण तपासतांना पडताळ्यास लावतात. ताळेबंद जुळला कीं नाहीं हें जसें बेरजेवरून कळतें, तसें त्यावरून चूक कळते.

प्रथिनाचा स्फटिक पाडणें हें खडीसाखर पाडण्यासारखें आहे. पाक घाईनें आटविला तर भुगा होतो. सावकाश आटूं दिला तर खडे धरतात. परंतु साखर मुबलक असते, आणि येथें प्रथिनच हाताशीं येईना. संकेतद्रव्य नसतांना ट्राआर पेशींत कांहीं मिनिटेंही टिकत नाहीं. पेशींतील पाचक द्रव्यें त्याचा चट्टामट्टा करतात. म्हणून एशेरिकिया कोलाय या प्रयोगशाळेंतील नेहमींच्या जंतूंत तें तयार करवितांना संकेतद्रव्य आरंभापासून घालावें लागलें. त्यांत डी.एन.ए.चा नेमका तुकडाही मिसळून स्फटिक पाडले. मग शिकागोजवळील आरगॉन येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेंत, जेथें सुमारें १,१०० मीटर परिघाच्या कड्यांतून इलेक्ट्रॉन फिरवून अतिप्रखर क्ष-किरण काढतात, तेथें त्यांची तपासणी झाली. कॉर्नेल विद्यापीठाचे विनान्स व आरगॉनचे योआखिमियाक यांच्या मंडळीनें २००२ सालच्या जूनमध्यें ‘नेचर’ पत्रांत निष्कर्ष छापला. त्याच वर्षीं इटालींतील दुसऱ्या मंडळीनेंही स्वतंत्रपणें तीच घडण प्रसिद्ध केली. पहिल्या मोजणीची सूक्ष्मता १.६६ अँगस्ट्रॉम होती, दुसरीची ३. एक मिलिमीटरचे एक कोटी भाग केले असतां त्यांतील एक भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम. मोजणीदाराची साखळी जितकी बारीक कड्यांची तितकी बांधाची हद्द अचूक, हें शेतकऱ्यांस माहीतच आहे. दोन निराळ्या मोजण्या मिळत्या आल्या, ही गोष्ट विश्वास वाढविणारी होय.

आतां दिसलें काय तें पाहूं. ट्राआर हें २३४ अमिनो आम्लांची माळ गुंडाळून झालेलें असतें, आणि तें जोडीनें काम करतें. प्रत्येकाचें वरचें अंग मोठें, खालचें लहान, आणि मध्यें एक लवचिक दोर. वरच्या अंगांत संकेतद्रव्य बसतें. खालचें अंग डी.एन.ए. धरतें. दोन बैल एका जुंवास जोडावे तशीं दोघांचीं वरचीं अंगें एकमेकांस चिकटलेलीं असतात, आणि खालचीं अंगेंही. डी.एन.ए.वरील ज्या जागीं तें बसतें ती १८ जोड-अक्षरांची असून, उजवीकडून व डावीकडून सारखीच वाचली जाते. म्हणून जोडीचें एकेक पाऊल तिच्या एकेका अर्ध्यावर बरोबर पडतें.

परंतु संशोधकांस खरा अचंबा दोन गोष्टींनीं वाटला. पहिली ही कीं, जोडी सरळ उभी नाहीं. वरच्या अंगांचा समतोल ज्या आंसाभोंवतीं आहे, तो खालच्या अंगांच्या आंसाशीं जवळजवळ काटकोन करून असतो. बैलांचे पाय तासांत सरळ असावे आणि मुंड्या मात्र बाजूस वळलेल्या असाव्या, तसें हें दिसतें. मधला दोर लवचिक असल्यामुळेंच ही वांकडी बैठक शक्य होते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. संकेतद्रव्य प्रथिनाच्या पृष्ठभागावर एखाद्या खांचेंत बसलेलें असेल, अशी कोणीही अपेक्षा केली असती. प्रत्यक्षांत तें वरच्या अंगाच्या गाभ्यांत पूर्णपणें गाडलेलें सांपडलें. बाहेरच्या पाण्याशीं त्याचा संबंध जवळजवळ नाहींच. त्याची लांब शेपटी प्रथिनाच्या तेलकट भागांत दडलेली, आणि डोक्याकडील ऑक्सिजन-नायट्रोजन प्रथिनाशीं हायड्रोजनच्या बंधांनीं बांधलेले. त्यांतील एक बंध तर मध्यें पाण्याचा एक रेणु घेऊन साधलेला. आत जाण्याची वाट नाहीं, बाहेर येण्याचीही नाहीं. मग तें शिरलें कसें? याचा उलगडा असा कीं, तयार प्रथिनांत तें शिरतच नाहीं. प्रथिनच त्याच्याभोंवतीं घडी घेतें. आंब्यांत कोय मागाहून घालतां येत नाहीं. कोयीभोंवतीं आंबा धरतो. संकेत नसतांना ट्राआर कां टिकत नाहीं, या जुन्या कोड्याचेंही उत्तर यांतच आलें. कोय नसेल तर घडी बसत नाहीं, घडी नाहीं तर जोडी नाहीं, आणि बिनघडीचें प्रथिन पेशींतील पाचक द्रव्यें खाऊन टाकतात. प्रस्तुत लेखकास या सर्व हकीकतींतला हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो.

याचा शेतीस उपयोग काय? मोघम आशा दाखविण्यापेक्षां स्पष्ट बोललेलें बरें: ट्राआरची घडण पाहून तयार केलेलें खोडगांठीचें औषध बाजारांत नाहीं. शिवाय वाचकांनीं हेंही ध्यानांत ठेवावें कीं, गणपूर्तीवर अवलंबून आहे तें जंतूंतील आपसांतलें हस्तांतर. झाडांत तुकडा घुसविण्याचें काम जखमेंतून पाझरणाऱ्या रसानें सुरू होतें, त्यास गणपूर्ति लागत नाहीं. संकेत बंद पाडल्यानें रोगाचा फैलाव मंदावेल, पण झालेली गांठ जाणार नाहीं. बटाट्याची मऊ कूज आणणाऱ्या जंतूंची गोष्ट मात्र निराळी. ते गणपूर्ति झाल्यावरच कुजविणारीं द्रव्यें सोडतात. मातींतील एका बॅसिलस जंतूंत असलें संकेतद्रव्य तोडणारें प्रथिन सिंगापूर येथील शास्त्रज्ञांस सांपडलें. त्याचें जनुक बटाटा व तंबाखू यांत घातलें असतां झाडें कुजीस दाद देईनाशीं झालीं, असें त्यांनीं २००१ सालीं प्रसिद्ध केलें. सभा उधळावयाची नाहीं, फक्त हजेरीपट पुसून टाकावयाचा, अशी ही युक्ति.

खोडगांठीवर आज हातीं असलेला उपाय याहून जुना असून, तोही अ‍ॅलन कर यांचाच आहे. के-८४ नांवाचा एक निरुपद्रवी जंतु असें विष सोडतो, कीं जें कांहीं रोगकारक जंतु ओपाइनसारखें अन्न समजून गिळतात व मरतात. रोपांचीं मुळें लागणीपूर्वीं त्याच्या पाण्यांत बुडवावयाचीं. यांतही हस्तांतराचा धोका निघालाच: विष करण्याची व त्यापासून बचावण्याची विद्या के-८४च्या प्लास्मिडावर असल्यामुळें, तें प्लास्मिड रोगकारक जंतूकडे गेल्यास तोही त्या विषास जुमानणार नाहीं, ग्रीसमध्यें तसें घडल्याचें दिसून आलें. म्हणून हस्तांतराचीं जनुकें काढून टाकलेला के-१०२६ हा जंतु पुढें तयार करण्यांत आला. हा उपाय प्रतिबंधाचा आहे, रोग झाल्यावरचा नाहीं, आणि सर्व पिकांचाही नाहीं. द्राक्षवेलीस खोडगांठ आणणारा जंतु वेगळ्या जातीचा असून के-८४ त्यावर चालत नाहीं. तो वेलीच्या अंगांत राहून छाटाबरोबर गांवोगांव फिरतो. यास्तव द्राक्षबागाईतदारांनीं कलमें व छाट घेतांना मातृबाग स्वतः पाहावी, बुंध्यावर किंवा सांध्यावर लहानशीही गांठ असलेली वेल वगळावी, आणि एका वेलीवरून दुसरीवर जातांना कात्री जंतुनाशक द्रवांत बुडवावी. फळझाडांचीं रोपें घेणारांनीं पिशवी फाडून मुळें व बुंधा पाहिल्यावांचून पैसे चुकते करूं नयेत.